स्किल सेंटरमध्ये दिव्यांग विद्यार्थ्यांची सोय कशी लावायची? माझ्या चुकांसकट उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई नाशिककडच्या एका संस्थेत नुकत्याच स्टुडंट सपोर्टच्या हेड झाल्यात. संस्था १८ ते २८ वयाच्या मुलामुलींना रिटेल, डेटा एन्ट्री आणि जनरल ड्यूटी असिस्टंटचा (हॉस्पिटलात पेशंटची देखभाल करणारा मदतनीस) कोर्स देऊन नोकरीला लावते, एका बॅचला ३० जण. डोनर म्हणतो दिव्यांग मुलं घ्या, ट्रेनर म्हणतात बाकीच्यांवर अन्याय होतो, अपंगत्वाचं सर्टिफिकेट सगळ्यांकडे नाही, वेगळं बजेट नाही, पुढच्या महिन्यात असेसमेंट आहे आणि मी काही सायकॉलॉजी शिकलेली नाही, तर सुरुवात कुठून करू?

ताई, सायकॉलॉजी मीही शिकलेली नाही. बीकॉम झाले आणि पुण्यात एका संस्थेत मोबिलायझर म्हणून लागले, म्हणजे वस्तीत दारोदार पत्रकं वाटायची, आयांना समजवायचं, बॅच भरायची. पुढे सपोर्टचं काम अंगावर आलं कारण दुसरं कोणी घेत नव्हतं. सोळा वर्षं झाली त्याला. मधली पाच वर्षं नंदुरबारचं सेंटरही बघितलं. तर जे सांगतेय ते पुस्तकातलं कमी आणि फजितीतलं जास्त आहे असं समजा.

आधी एक शब्दाचं भांडण मिटवते. आपल्याकडे या सगळ्याला सवलत म्हणतात. एसटीत ७५ टक्के सवलत मिळते ती सवलत बरोबरच आहे, तिकीट स्वस्त होतं. पण वर्गात जे करायचं ते सवलत नाही, ती सोय आहे. सवलत म्हटलं की ट्रेनरच्या डोक्यात येतं की याला कमी करायला लावायचं, पेपर सोपा द्यायचा, हजेरी माफ करायची, आणि मग तो म्हणणारच की बाकीच्यांवर अन्याय. सोय म्हणजे काम तेवढंच, फक्त ते करायचा रस्ता वेगळा. मी आमच्या सगळ्या फॉर्मवरून सवलत हा शब्द काढून टाकला तेव्हा लोक हसले होते की शब्द बदलून काय होतंय. ट्रेनरच्या मीटिंगमधलं निम्मं भांडण त्याने गेलं, खरंच सांगते.

ही अक्कल मला आधीपासून नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत रिटेलच्या बॅचमध्ये एक मुलगा होता, नजर खूप कमी, चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसायचं नाही. बिलिंगच्या प्रॅक्टिकलला तो अडायला लागला तर आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की जाऊ दे बिचारा, बिलिंग सोडून बाकीचं घेऊ, पास करू. केला पास. फोटोबिटो काढले. दुकानाने त्याला काउंटरवर उभा केला, कारण सर्टिफिकेटवर तेच लिहिलं होतं ना, आणि आठव्या दिवशी तो घरी. नंतर कधी सेंटरवर आला नाही, फोनही उचलला नाही. त्याला काय लागलं असतं, तर स्क्रीनवरची अक्षरं मोठी करून देणं, मोबाइलच्या कॅमेऱ्याने बारकोडखालचा आकडा झूम करून बघायची सवय, नेहमीच्या वस्तूंच्या कोडची ठळक अक्षरातली यादी आणि पंधरा दिवस जास्तीचा सराव. एक रुपया लागला नसता. आम्ही दया दाखवली आणि त्याची नोकरी घालवली.

त्यामुळे ट्रेनर जेव्हा अन्याय म्हणतो तेव्हा त्याच्याशी वाद घालू नका, त्याला एकच विचारा, की या परीक्षेत आपण नक्की काय तपासतोय? जनरल ड्यूटी असिस्टंटला बीपी घेता येतो का हे तपासायचं असेल तर स्टेथोस्कोप कानाला लावलाच पाहिजे असं काही नाही, कमी ऐकू येणारी मुलगी डिजिटल मशीनवर बीपी घेऊ शकते. पण पेशंटला कुशीवर वळवता येणं हे त्या कामाचं मूळ आहे, ते कोणालाही माफ नाही, फार तर दोघांनी मिळून कसं वळवायचं ते शिकवायचं. आणि काही ठिकाणी खरंच प्रामाणिकपणे बोलावं लागतं. आमच्या एका कर्णबधिर मुलीला वॉर्डात रात्रीची ड्यूटी एकटीने करणं अवघड होतं, पेशंटने हाक मारली तर कळणार कसं. मग तिच्याशीच बोलून हॉस्पिटलच्या निर्जंतुकीकरण विभागात जागा शोधली, जिथे उपकरणं धुणं, पॅक करणं, ऑटोक्लेव्ह लावणं असतं. तिथे ती इतरांपेक्षा सरस निघाली. पण हे तिला न विचारता ठरवलं असतं तर ते पण चूकच झालं असतं.

आता अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं. कायदा थोडा वाचून ठेवा, घाबरवण्यासाठी नाही, मॅनेजमेंटशी बोलताना उपयोगी पडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला एप्रिल २०१७ पासून. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत, त्यात लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन-लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण), ऑटिझम, सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया असे रक्ताचे आजार, ॲसिड हल्ल्यातले पीडित असे बरेच आले. त्या कायद्यात वाजवी सोयीची व्याख्याच दिलीय, म्हणजे त्या त्या माणसाच्या बाबतीत गरजेचा आणि योग्य असा बदल, पण समोरच्यावर अवाजवी बोजा पडणार नाही इतपत. ४० टक्क्यांची जी अट लोक सारखी तोंडावर फेकतात ती आरक्षण आणि बऱ्याच सरकारी योजनांसाठी आहे. सोय मिळण्यासाठी ४० टक्के लागतातच असं नाही. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात हेच सांगितलं. त्या उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे, रायटर्स क्रॅम्प म्हणतात त्याला, आणि त्याला लेखनिक नाकारला होता कारण तो ४० टक्क्यांत बसत नव्हता. कोर्ट म्हणालं की असं नाकारता येणार नाही.

म्हणून आमच्याकडे नियम असा की गरज कळली की सोय लगेच सुरू, कागद नंतर. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज आपण भरून द्यायचा, सिव्हिल हॉस्पिटलच्या तपासणीच्या दिवशी शक्य असेल तर आपला माणूस बरोबर पाठवायचा, कारण गावाकडून आलेला पोरगा तिथे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरून वैतागून परत येतो. कार्ड त्याला आयुष्यभर उपयोगी आहे. पण कार्ड येईपर्यंत तुम्ही त्याला मागच्या बाकावर काही न दिसता बसवून ठेवणार का?

तुमच्या ॲडमिशन फॉर्मवर नक्की असा प्रश्न असेल: अपंगत्व आहे का, हो किंवा नाही. सगळे नाहीवर टिक करतात. का नाही करणार, त्यांना वाटतं हो म्हटलं तर घेणारच नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी ते खरंही असतं. आम्ही तो प्रश्न ठेवला पण त्याच्याखाली दुसरे प्रश्न घातले. फळ्यावरचं मागून वाचता येतं का. सलग दोन तास बसलं तर काही दुखतं का. रोजचं काही औषध आहे का ज्याने सकाळी झोप येते. वाचून पटकन कळतं की कोणी सांगितलं की. शाळेत कुठला विषय अजिबात जमायचा नाही आणि का. आणि हे ॲडमिशनच्या टेबलावर नाही विचारायचं, तिथे मागे रांग असते, बाप शेजारी बसलेला असतो. ॲडमिशन पक्कं झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात एकेकाला दहा मिनिटं घेऊन बसायचं, ३० जणांना दहा मिनिटं म्हणजे पाच तास, दोन दिवसांत होतं. या दहा मिनिटांनी जेवढं बाहेर येतं तेवढं कुठल्या कौन्सेलिंगने येत नाही असा माझा अनुभव आहे.

त्यातूनच मिरगी कळते. फिट येणारी मुलं हमखास लपवतात, मुली तर जास्तच, लग्नाचं असतं ना. २१ प्रकारांच्या यादीत मिरगीचं वेगळं नाव नाही, त्यामुळे कागद नसतोच. पण सोय लागते, जागरण झालं की फिट येण्याची शक्यता वाढते म्हणून नाइट शिफ्ट नको, उंचावरचं किंवा उघड्या मशीनवरचं काम नको, औषधाची वेळ चुकायला नको. आणि सगळ्या स्टाफला, शिपायापासून, शिकवून ठेवा. कांदा हुंगवायचा नाही, चप्पल तर नाहीच, तोंडात चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूच्या खुर्च्या बाजूला करा, डोक्याखाली काही मऊ द्या, जमेल तसं कुशीवर करा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेलं किंवा लागोपाठ दुसरी फिट आली तर १०८ ला फोन. आमच्याकडे एकदा कांदा, चप्पल आणि देवीचा अंगारा तिन्ही झालं होतं, मी पोचेपर्यंत पोरगी शुद्धीवर येऊन लाजेने रडत होती, दुसऱ्या दिवसापासून आली नाही. ती परत यावी म्हणून तीन वेळा घरी गेले, तिसऱ्यांदा आली.

नंदुरबारला सिकल सेल बघितला. बाहेरून मूल ठणठणीत दिसतं, आणि मग अचानक सांध्यात अशा कळा येतात की चार दिवस उठता येत नाही. ट्रेनर हजेरीपटावर लाल खूण करत बसतो, मूल आळशी ठरतं. सोय काय, तर पाण्याची बाटली कायम जवळ, थंडीत स्वेटर घालून बसलं तर युनिफॉर्मवरून बोलायचं नाही, एसीच्या समोरची जागा नको, आणि बुडालेल्या दिवसांचं प्रॅक्टिकल भरून काढायला शनिवार. प्लेसमेंटवाल्यांना सांगायचं की कोल्ड स्टोरेजमध्ये पाठवू नका. एवढंच.

डेटा एन्ट्रीवर जरा जास्त बोलते कारण तिथे सगळ्यात जास्त करता येतं आणि सगळ्यात जास्त घोळही तिथेच होतो. अंध विद्यार्थी कॉम्प्युटर कसा चालवतो हे बऱ्याच ट्रेनरनी पाहिलेलंच नसतं. एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर आहे, ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध मित्रांनी बनवलेलं, २००६ पासून आहे आणि फुकट आहे. ते स्क्रीनवरचं वाचून दाखवतं आणि माणूस फक्त कीबोर्डवर काम करतो. हेडफोन लागतो, बस. आम्हाला वाटलं सॉफ्टवेअर टाकलं की झालं. पहिल्याच दिवशी मुलगी म्हणाली, मॅडम नोट्स काहीतरी इंग्रजीत बडबडतायत. बघितलं तर आमच्या मराठी नोट्स सगळ्या श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. डोळ्याला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरांचा खिचडा असतो, आणि स्क्रीन रीडर आतलंच वाचणार. चौऱ्याऐंशी पानं होती! कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे आतही मराठीच अक्षरं असतात त्यात, आणली पण रफार आणि जोडाक्षरं तुटली, मग दोन व्हॉलंटियर लावून आठवडाभर तपासत बसलो. बाकीच्या नोट्स म्हणजे झेरॉक्सचे फोटो काढून केलेल्या पीडीएफ, त्या तर तिच्यासाठी कोऱ्याच. गूगल ड्राइव्हमध्ये उघडून त्याचा मजकूर काढता येतो, मराठीचाही बऱ्यापैकी येतो, पण तक्ते असले की वाट लागते, ते हाताने करा. तेव्हापासून नवीन काहीही टाइप करायचं ते युनिकोडमध्येच, हा नियम ऑफिसच्या नोटिसांनाही लावला.

आणि दुसरा घोळ ट्रेनरच्या तोंडात होता. इथे क्लिक करा, मग हे निवडा, मग तिकडे जा. डोळे मिटून ऐकून बघा एकदा, काही कळतं का. आम्ही ट्रेनरना महिनाभर इथे, हे आणि तिकडे या तीन शब्दांना बंदी केली, जो म्हणेल त्याने चहा पाजायचा. मग हळूहळू तोंडात बसलं की होम टॅबमध्ये फॉरमॅट, त्यात कॉलमची रुंदी आपोआप, म्हणजे आल्ट मग एच, ओ, आय. फिल्टर लावायला कंट्रोल शिफ्ट एल. सेलमध्ये दुरुस्ती करायला एफ-टू. आता गंमत अशी की यामुळे डोळस मुलांचाही स्पीड वाढला, माउस सुटला त्यांचा. अन्यायाची तक्रार करणारा जो ट्रेनर होता तोच आता नवीन ट्रेनरना शॉर्टकटची यादी पाठ करायला लावतो. ती मुलगी पुढे एका पतपेढीच्या ऑफिसात लागली, अजून आहे.

एक चूक इथेही केली होती, ती सांगते. सुरुवातीला मी तिला टेस्टसाठी लेखनिक दिला, मला वाटलं केवढी मोठी सोय केली. ती म्हणाली मला लेखनिक नको, मला वेळ द्या, नोकरीत काय लेखनिक बरोबर नेणार आहे का मी? परीक्षांसाठी केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जास्तीची धरलीत, तो हिशोब आम्ही आमच्या आतल्या टेस्टलाही लावतो. पण कोणाला वेळ, कोणाला लेखनिक, कोणाला मोठा टाइप, हे त्यालाच विचारा. लर्निंग डिसॅबिलिटीवाल्या मुलांना बऱ्याचदा वेळेपेक्षा प्रश्न कोणीतरी वाचून दाखवणं जास्त उपयोगी पडतं, ते आलं की पोरगं फटाफट उत्तरं देतं आणि ट्रेनर तोंडात बोट घालतो की अरे याला तर सगळं येतंय.

कर्णबधिर मुलांबद्दल एक मोठा गैरसमज काढून टाका, की लिहून दिलं म्हणजे झालं. जे जन्मापासून ऐकू शकत नाहीत त्यांची पहिली भाषा बऱ्याचदा खुणांची असते, मराठी त्यांच्यासाठी दुसरी भाषा असते, लांबलचक वाक्य लिहून दिलं की अडतात, आणि मग लोक म्हणतात बुद्धी कमी आहे. भारतीय सांकेतिक भाषेची केंद्र सरकारची संस्था दिल्लीत २०१५ साली सुरू झाली, त्यांच्या डिजिटल शब्दकोशात १० हजारांवर संज्ञांचे व्हिडिओ आहेत, ते ट्रेनरना बघायला लावा. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे ती वाचा आणि श्रवणदोषावर काम करते. दुभाषा मिळवणं अवघड आणि महाग आहे, रोज नाही परवडत, म्हणून आम्ही आठवड्यातून दोन दिवस दुभाषा बोलावतो आणि अवघड धडे त्या दोन दिवशी ठेवतो. म्हणजे टाइमटेबल दुभाष्याच्या तारखांवरून करायचं, टाइमटेबल करून मग दुभाषा शोधत बसायचं नाही, हे उशिरा सुचलं. बाकीच्या दिवशी गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब, म्हणजे बोललेलं लगेच लिहून दाखवणारं ॲप, मोबाइलवर लावून ट्रेनरसमोर ठेवतो, पंख्याचा आवाज असला की काहीही लिहितं म्हणून माइक लावतो. आणि फुकटची सोय म्हणजे ट्रेनरने फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. आधी लिहा, मग वळा, मग बोला. मिशी ओठांवर आलेली असेल तर कापा, एका सरांना हे सांगावं लागलं, त्यांनी कापली पण बरेच दिवस बोलत नव्हते माझ्याशी.

बिल्डिंगचं लवकर आवरते. भाड्याची जागा असते, मालक तोडफोड करू देत नाही. रॅम्पचा उतार एकास बारा लागतो, म्हणजे दोन पायऱ्या मिळून ३० सेंटिमीटर उंची असेल तर ३.६ मीटर लांब रॅम्प हवा. फळी टाकून केलेला रॅम्प हा फोटोसाठी असतो, त्यावरून एकटा कोणी वर जाऊ शकत नाही. जागा नसेल तर वर्ग खाली आणा, व्हीलचेअरवाल्याला उचलून वर नेऊ नका, रोज चार जणांनी उचलायचं यात त्याला काय वाटत असेल याचा विचार करा. आणि संडास बघा, सगळ्यात आधी संडास. आमच्याकडे एक मुलगी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच पाणीच पीत नव्हती, कारण बाथरूमला जाता येत नव्हतं, आणि आम्ही तिला विचारत होतो की बाई तुझं डोकं का दुखतं रोज.

गुप्तता. इथे माझी सगळ्यात वाईट चूक आहे. आमच्या मोबिलायझरने स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यूडीआयडी कार्डांचे फोटो टाकले, यादी करायला सोपं म्हणून, आणि मी अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळी झाले. त्यात एका मुलाचं मानसिक आजाराचं कार्ड होतं. संध्याकाळपर्यंत ते बॅचमध्ये गेलं. त्याने मला फक्त एवढं विचारलं की मॅडम, तुम्ही पण? त्यानंतर ठरलं की ट्रेनरला आजाराचं नाव कळायची गरज नाही, त्याने काय करायचं तेवढं कळलं पाहिजे. म्हणजे या विद्यार्थ्याला सकाळच्या पहिल्या तासाला अर्धा तास उशीर चालेल आणि मधे बाहेर जाऊन यावंसं वाटलं तर जाऊ द्यावं, संपलं. ते का, हे सपोर्टच्या कपाटात कुलपात. डोनरसाठीच्या फोटोंचंही तेच, व्हीलचेअरवाला मुलगा दरवेळी पुढच्या रांगेत मधोमध कसा काय येतो हो? त्याला विचारून, आणि नाही म्हणाला तर नाही. मानसिक त्रास असलेल्यांसाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर भिंतीवर लावून ठेवा, मराठीत बोलता येतं, पण नंबर लावला म्हणजे आपलं काम संपलं असं नाही. आणि कृपा करून त्यांना मोटिव्हेशनल स्पीकरच्या कार्यक्रमात पुढे बसवू नका.

कागद कमीत कमी ठेवा पण एक कागद ठेवाच. एका पानावर, कुठलं काम करताना अडतं, काय सोय करायची, कोण करणार, कधीपासून, आणि परत कधी बघायचं. विद्यार्थ्याची सही, ट्रेनरची सही. आम्ही १५ दिवसांनी बघतो, कारण निम्म्या सोयी पहिल्यांदा चुकतात. अपंगत्वाचं नाव त्या पानावर नाहीच. ट्रेनर बदलला, आणि आपल्याकडे ट्रेनर किती टिकतात ते तुम्हाला माहितीये, तरी कागद राहतो.

बजेटचं म्हणाल तर वर जे सगळं सांगितलं त्यातलं बहुतेक फुकट आहे. पैसे लागतात ते दुभाष्याला, प्रवासाला आणि बांधकामाला. ते प्रपोजलमध्येच वेगळी ओळ करून लिहा, नंतर मागितले तर सीएसआरवाले, म्हणजे सामाजिक कामाला पैसे देणाऱ्या कंपन्यांचे लोक, दर विद्यार्थी खर्च काढून दाखवतात की हा जास्त येतोय. आधी लिहिलं तर निदान बोलणी होतात. डोनरच दिव्यांग मुलं घ्या म्हणतोय ना, मग बोलायला तुम्हाला संकोच नको.

प्लेसमेंटला मात्र जीव लावा, कारण सोय सेंटरच्या दारात संपली तर उपयोग शून्य. एका कंपनीने आमच्या कर्णबधिर मुलाला नाकारलं, कारण दिलं की उमेदवार फोन उचलत नाही. चार वेळा फोन केला होता त्यांनी! बायोडाटात वर स्पष्ट लिहिलं होतं, पण एचआरच्या पोरीने फक्त नंबर बघितला. आता आम्ही फोन नंबरच्याच ओळीत लिहितो, फक्त मेसेज करा. कंपनीला काय सांगायचं हे विद्यार्थी ठरवणार, लेखी संमती घ्या, आणि सांगायचं ते पण कामाच्या भाषेत. २० किंवा जास्त माणसं असलेल्या खाजगी कंपनीनेही समान संधी धोरण करून त्यात सोयीसुविधा आणि संपर्क अधिकारी लिहायचा असतो, ते विचारा, बऱ्याच जणांना माहितीच नसतं, मग आपणच नमुना नेऊन द्यायचा. आमचा फोन नोकरीच्या तिसऱ्या दिवशी जातो, महिन्याने नाही. सोडून जायचं ते पहिल्या आठवड्यातच मनात ठरतं, पगाराची स्लिप गोळा करायला तिसऱ्या महिन्यात जाऊन काय मिळणार.

आणि घरच्यांचं एक असतं जे ते सरळ बोलत नाहीत. संजय गांधी निराधारचं अनुदान येत असतं, नोकरी लागली की ते बंद होईल ही भीती. दोन महिन्यांत नोकरी सुटली तर अनुदानही गेलं आणि पगारही गेला. ही भीती खोटी नाही, योजनेला उत्पन्नाची अट आहे, त्यामुळे हसण्यावारी नेऊ नका. तहसीलला जाऊन आत्ताची अट काय आहे ते विचारून या, आईवडिलांसमोर कागदावर हिशोब मांडा, आणि निर्णय त्यांना घेऊ द्या.

बाकी स्टुडंट सपोर्ट म्हणजे पास, रूम, फी, लग्न ठरलं म्हणून सोडणारी मुलगी, ऊसतोडीला आईबाप गेले म्हणून धाकट्यांना सांभाळणारा मुलगा, हे सगळं याच्याच बरोबरीने चालतं, त्यावर वेगळं लिहावं लागेल. फक्त रजिस्टर वेगळं ठेवा, नाहीतर सोयीचं काम त्या गर्दीत मागे पडतं, कारण बस पास मागणारा दारात उभा असतो आणि ऐकू न येणारा गप्प बसलेला असतो.

पुढच्या महिन्यातल्या असेसमेंटसाठी मात्र आजच बसा. असेसर, म्हणजे परीक्षक, बाहेरून येतो, त्याला तुमच्या मुलांबद्दल काही माहिती नसते आणि ऐन दिवशी तो स्वतःच्या जबाबदारीवर काहीही मंजूर करत नाही. असेसमेंट एजन्सीला मेल करा, प्रत्येक विद्यार्थ्याचं कोणती सोय आणि का ते एकेका ओळीत, सेक्टर स्किल कौन्सिलला, म्हणजे त्या क्षेत्राच्या कोर्सचे निकष ठरवणाऱ्या संस्थेला, कॉपी. वेळ वाढवून हवा असेल तर ऑनलाइन टेस्टचा टायमर आधी बदलावा लागतो, त्या दिवशी बदलत नाही. स्क्रीन रीडर त्यांच्या टेस्टच्या सॉफ्टवेअरवर चालतो का ते डेमो लिंक मागून तुमच्या विद्यार्थ्यालाच चालवून बघायला सांगा, नाही चालला तर वाचून दाखवणारा माणूस मागा. उत्तर आलं नाही तर चौथ्या दिवशी फोन. आणि आलेल्या उत्तराचा प्रिंट काढून सेंटर मॅनेजरच्या टेबलावर ठेवा, त्या दिवशी तुम्ही रजेवर असाल किंवा नेट बंद असेल.